सेव्हिलमध्ये मित्रांसोबत एक दिवस: काय बघायचं, कुठे बसायचं आणि भांडणं कशी टाळायची

सगळ्यात आधी एक सांगतो, स्पेनमधल्या सेव्हिलला (तिकडे सेविया म्हणतात) एकच दिवस असेल तर तिकीट काढून आत जायच्या फक्त दोन जागा ठरवा. दोनच. आमची अकरा ठिकाणांची यादी होती, एकाने एक्सेलमध्ये करून आणली होती, वेळेच्या रकान्यासकट, आणि दुपारी दोन वाजता आम्ही पाच जण एका गल्लीत उभे राहून "आता पुढे कुठे" यावर एकमेकांशी हुज्जत घालत होतो. शेवटी चार-पाच जागा झाल्या आणि आज विचारलं तर पाचही जणांना आठवते ती नदीकाठी नुसतं बसलेली संध्याकाळ. त्यामुळे हा प्लॅन थोडा रिकामा वाटेल, तो मुद्दाम रिकामा आहे.

कधी जायचं ते आधी. जुलै-ऑगस्टमध्ये तिथे पारा चाळिशी ओलांडतो, आणि ही नुसती म्हणायची गोष्ट नाही, दुपारी रस्ते खरंच ओस पडतात. मार्च ते मे किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबर बेस्ट. फक्त ईस्टरच्या आधीचा आठवडा (सेमाना सांता) आणि त्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी येणारी फेरिया दे आब्रिल ही जत्रा, या दिवसांत हॉटेलचे भाव आभाळाला भिडतात आणि सेमाना सांतात तर मिरवणुकांमुळे अर्धं जुनं गाव चालायला बंद होतं. ते सोहळे बघायलाच जाणार असाल तर गोष्ट वेगळी, पण साइटसीइंगचा दिवस म्हणून नको. वार पण बघा: रविवारी सकाळी कॅथेड्रलमध्ये प्रार्थना असते, पर्यटकांना दुपारनंतरच सोडतात, आणि सोमवारी बरीच म्युझियम्स बंद.

माद्रिदहून येणार असाल तर आवे नावाची फास्ट ट्रेन आहे, अडीच तासांच्या आसपास लागतात. स्पेनमधली पहिली हाय स्पीड लाइन हीच, १९९२ साली सेव्हिलच्या एक्स्पोसाठी सुरू केलेली. ट्रेनमध्ये चढायच्या आधी सामान स्कॅन होतं म्हणून अगदी टायमावर पोचू नका. जमलं तर आदल्या रात्रीच येऊन राहा, कारण सकाळचे पहिले तीन तास हेच या दिवसाचं भांडवल आहे.

आता तिकिटं. आल्कासार राजवाडा आणि कॅथेड्रल, हीच ती दोन. दोन्हीची ऑनलाइन काढा, अधिकृत साइटवरूनच, आल्कासारची तर सीझनमध्ये बरेच दिवस आधी. सकाळचा पहिला स्लॉट घ्या, साडेनऊचा. आणि हे नीट वाचा: आल्कासारच्या तिकिटावर नाव असतं आणि दारावर ओळखपत्र मागतात. आमच्यातल्या एकाने पासपोर्ट "सेफ राहील" म्हणून हॉटेलच्या लॉकरमध्ये ठेवला होता, मग तो पळत गेला, पळत आला, घामाने चिंब, आणि आम्ही चार जण लायन गेटच्या लाल भिंतीला टेकून त्याची वाट बघत आणि खरं सांगायचं तर त्याला शिव्या घालत उभे. ग्रुपमधल्या एकाच माणसाकडे सगळी तिकिटं द्या, पण पासपोर्ट ज्याचा त्याच्या खिशात.

सकाळी आठ-साडेआठला आधी नाश्ता. हॉटेलचा बुफे सोडा, कोपऱ्यावरच्या कुठल्याही बारमध्ये जा (तिकडे बार म्हणजे सकाळी कॉफी आणि रात्री बिअर, दोन्ही एकाच काउंटरवर) आणि तोस्तादा कोन तोमाते मागा. भाजलेला पाव, त्यावर किसलेला टोमॅटो आणि ऑलिव्ह तेलाची धार. तेल हात सैल सोडून ओता, आंदालुसियामध्ये, म्हणजे स्पेनच्या या दक्षिण भागात, तेलाची कंजुषी कोणी करत नाही. शाकाहारी माणसाचा हा दिवसातला सगळ्यात निर्धास्त पदार्थ आहे, पोटभर खाऊन घ्या, कारण पुढचं जेवण दोनच्या आत मिळत नाही असं समजून चाला.

आल्कासारला किमान दोन तास. आत शिरल्यावर लोक बागेकडे आणि मोरांकडे धावतात, तुम्ही आधी राजा पेद्रोच्या महालाच्या दर्शनी भिंतीसमोर पाच मिनिटं थांबा. पेद्रो हा ख्रिश्चन राजा, १३६४ च्या सुमाराला त्याने हा महाल बांधून घेतला, पण कारागीर आणि शैली मुस्लिम वळणाची, या मिश्रणाला मुदेखार म्हणतात. दरवाज्याच्या वर बघा, निळ्या-पांढऱ्या टाइल्सचा एक पट्टा आहे, लांबून नुसती नक्षी वाटते, पण ती कोनाकोनांची कुफी वळणाची अरबी अक्षरं आहेत, "अल्लाहशिवाय कोणी विजेता नाही" हेच वाक्य सुलट आणि उलट, आरशात बघितल्यासारखं पुन्हापुन्हा लिहिलंय. आणि त्याच पट्ट्याच्या भोवती गॉथिक अक्षरांत राजा पेद्रोच्या नावाची आणि बिरुदांची पाटी. एकाच भिंतीवर दोन लिप्या, दोन धर्म. आमच्यातल्या फोटोवालीने झूम करून दाखवलं तेव्हा कुठे आमच्या डोक्यात प्रकाश पडला, तोपर्यंत आम्ही त्याच्याखाली उभं राहून ग्रुप सेल्फी काढत होतो.

आत पातिओ दे लास दोन्सेयास हे मधलं अंगण. त्यातली खोलगट बाग शतकानुशतकं संगमरवरी फरशीखाली गाडलेली होती, अलीकडे २००० नंतरच्या उत्खननात ती परत उघडी केली. तिथून राजदूतांच्या दालनात जा आणि मान मोडेपर्यंत वर बघा, लाकडी घुमट १४२७ चा आहे, सोनेरी चांदण्यांचं जाळं. मग खाली मारिया दे पादियाचं स्नानगृह म्हणून एक कमानींचा लांबलचक हौद आहे, खरं तर पावसाच्या पाण्याची टाकी, उन्हाळ्यात तिथला गारवा म्हणजे स्वर्ग. बाग शेवटी. वरच्या मजल्यावर अजूनही राजघराण्याचं निवासस्थान आहे, त्याचं तिकीट वेगळं असतं, एका दिवसात त्याच्या मागे लागू नका.

बाहेर आलात की लगेच कॅथेड्रलमध्ये घुसू नका, सांता क्रूस मोहल्ल्यात अर्धा तास हरवा. हा जुना ज्यू लोकांचा भाग, गल्ल्या इतक्या अरुंद की काही ठिकाणी हात पसरले तर दोन्ही भिंती लागतात, त्यामुळे सावली. इथे गूगल मॅप गोल गोल फिरवतं, त्याच्यावर चिडू नका. दोन सावधगिरीच्या गोष्टी. एक, रस्त्यावर सगळीकडे संत्र्यांची झाडं लगडलेली असतात, ती खायची नाहीत, ती कडू जात आहे, ज्याचा मार्मालेड करतात ती. आमच्यातल्या एकाने खाऊन बघितलंच, त्याचा चेहरा पुढची वीस मिनिटं तसाच होता. दोन, कॅथेड्रलच्या आसपास काही बायका तुमच्या हातात रोझमेरीची काडी कोंबतात, मग हात धरून भविष्य सांगतात आणि मग पैसे मागतात. काडी घेऊच नका, "नो, ग्रासियास" म्हणायचं आणि चालत राहायचं, थांबलात की संपलं.

कॅथेड्रल साधारण साडेअकरा-बाराला. जगातलं सगळ्यात मोठं गॉथिक कॅथेड्रल म्हणून हे ओळखलं जातं. आधी इथे मशीद होती, ती पाडून १४०१ मध्ये ठरवलं की नवीन बांधायचं, पुढे शंभरेक वर्षं काम चाललं. मशिदीचं उरलं ते संत्र्यांचं अंगण आणि मिनार, तोच आजचा खिराल्दा टॉवर, वर नंतर सोळाव्या शतकात घंटाघर चढवलं. आता चढायचं का यावर तुमच्यात हमखास वाद होणार, "माझे गुडघे" वगैरे. तर ऐका, पायऱ्या जवळजवळ नाहीतच, ३५ तिरके रॅम्प आहेत, अजान देणाऱ्याला घोड्यावरून वर जाता यावं म्हणून तसं केलं असं सांगतात. प्रत्येक वळणावर नंबर लिहिलेला आहे, तो मोजत मोजत माणूस कधी वर पोचतो कळत नाही. गुडघेवाला मित्र सगळ्यात आधी पोचला होता, असो.

आत कोलंबसची समाधी आहे, चार राज्यांचे चार पुतळे शवपेटी खांद्यावर घेऊन उभे. १८९८ मध्ये क्युबा स्पेनच्या हातून गेला तेव्हा हवानाहून त्याचे अवशेष इथे हलवले. तिथे गर्दी असतेच, फोटो काढा आणि पुढे व्हा, मुख्य वेदीचा सोनेरी लाकडी पडदा त्याच्यापेक्षा किती तरी भारी आहे आणि तिथे बसायला बाकं पण आहेत.

आता जेवण, आणि इथेच बहुतेक ग्रुप फसतात. स्वयंपाकघरं साधारण दीड ते चार चालू, मग थेट रात्री साडेआठनंतर. मधल्या वेळेत पोटात कावळे कितीही कोकलले तरी पर्यटकी जागा सोडून गरम जेवण मिळणं कठीण. म्हणून दोन ते सव्वादोनला टेबल पकडा, कॅथेड्रलच्या सावलीतल्या फोटोवाल्या मेनूच्या हॉटेलात नाही, दहा मिनिटं चालून लांब जा. मेनूवर तीन साइझ असतात: तापा म्हणजे छोटी बशी, मेदिया रासिओन म्हणजे अर्धी, रासिओन म्हणजे पूर्ण प्लेट. पाच जणांना मेदिया रासिओन सगळ्यात सोयीचं, मध्ये ठेवायचं आणि सगळ्यांनी ओरपायचं. तापा फुकट मिळतो असं ऐकून येऊ नका, ते ग्रानादा शहरात, इथे पैसे पडतात.

व्हेज मंडळींनी हा परिच्छेद स्क्रीनशॉट मारून ठेवा. नुसतं "सोय वेखेतारियानो" (मी शाकाहारी आहे) म्हणून भागत नाही, कारण बऱ्याच जणांच्या लेखी टूना आणि हॅम म्हणजे मांस नव्हेच, ते वरून भुरभुरवायचं असतं. म्हणून तोडून सांगायचं: "सिन कार्ने, सिन हामोन, सिन पेस्कादो, सिन आतून", म्हणजे मांस नको, हॅम नको, मासे नको, टूना नको. मागवायचं काय, तर एस्पिनाकास कोन गार्बान्सोस, पालक आणि छोले, जिरं घातलेलं, ही खास सेव्हिलचीच डिश आहे आणि पहिल्या घासाला आपल्या जिभेला ओळख पटते. साल्मोरेखो हे टोमॅटो आणि पावाचं घट्ट गार सूप, पण त्यावर अंडं आणि हॅमचे तुकडे टाकून देतात, आधीच नको म्हणा. बटाट्याचं जाड ऑम्लेट, तोर्तिया, अंडं खाणाऱ्यांना चालेल. वांग्याचे तळलेले काप मधासोबत मिळतात, झकास लागतात, पण कडक शाकाहारी असाल तर विचारून घ्या, बऱ्याचदा त्याच तेलात मासे तळलेले असतात. प्यायला सांग्रिया नको, ती पर्यटकांसाठी, स्थानिक लोक उन्हाळ्यात तिंतो दे वेरानो पितात, रेड वाइन आणि सोडा, हलकं आणि स्वस्त. पाणी हवं तर "आग्वा देल ग्रिफो" मागा, म्हणजे नळाचं, २०२२ च्या कायद्याने हॉटेलांनी ते फुकट द्यायचं असतं.

पैशाचं भांडण टाळायची युक्ती स्पेनवाल्यांचीच आहे, तिला बोते म्हणतात. म्हणजे आपली कॉन्ट्री, पण आधी काढायची. सकाळीच प्रत्येकाने सारखे युरो एका पाकिटात टाकायचे, पाकीट एकाकडे, आणि कॉफी, तापास, पाणी, सगळं त्यातून, संपलं की परत सगळ्यांनी भर घालायची. आम्ही पहिल्या दिवशी टीटीएमएम केलं आणि दर बिलाला पाच कार्डं पुढे केली, वेटरच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते भाषांतराशिवाय कळलं. जे पीत नाहीत त्यांचा हिशोब मात्र वेगळा धरा, नाहीतर रात्री हॉटेलवर त्यावरून महाभारत होतं. बिलाला "ला क्वेंता, पोर फावोर" म्हणायचं, आपणहून ते आणत नाहीत, तुम्ही उठावं असं त्यांना वाटतच नाही. टिप बंधनकारक नाही, सुट्टे ठेवले तरी पुरे. हा, आणि पाव टेबलावर आपोआप आला तर तो बिलात असू शकतो.

साडेतीन ते साडेपाच: काही नाही. खरंच काही नाही. हॉटेल जवळ असेल तर जाऊन आडवे व्हा. दोघांना झोपायचं नसतं आणि एकाला शॉपिंग करायचं असतं, तर इथे ग्रुप फोडा, बिनधास्त. शॉपिंगवाल्यांनी सिएर्पेस रस्त्यावर जावं, उन्हाळ्यात त्यावर कापडी छत ताणतात, फक्त छोटी दुकानं दुपारी शटर ओढतात हे लक्षात ठेवा. ज्यांना चैन पडत नाही त्यांनी एन्कार्नासिओन चौकात लास सेतास बघावं, म्हणजे मशरूम्स, २०११ मध्ये पूर्ण झालेलं लाकडी छत्र्यांसारखं प्रचंड बांधकाम, त्याच्या खाली तळघरात रोमन काळातल्या घरांचे अवशेष आहेत. मला स्वतःला ते खालून जितकं आवडलं तितकं वरून नाही. भेटायची जागा आणि वेळ मात्र पक्की करून मगच वेगळे व्हा, "फोन कर मग बघू" असं नको. पुएर्ता दे खेरेसचं कारंजं चांगलं, ट्राम पण तिथेच थांबते.

चालताना खाली पण बघत जा. गटाराच्या झाकणांवर, खांबांवर, बसवर सगळीकडे एक खूण दिसेल: एन-ओ, मग इंग्रजी आठच्या आकड्यासारखं काहीतरी, मग डी-ओ. तो आठ म्हणजे लोकरीची लड, स्पॅनिशमध्ये मादेखा. सगळं सलग वाचलं की "नो मादेखा दो", आणि ते ऐकायला "नो मे आ देखादो" सारखं लागतं, म्हणजे "तिने (या नगरीने) मला सोडलं नाही". गावाने राजा दहाव्या आल्फोन्सोची साथ सोडली नाही म्हणून त्याने हे दिलं अशी कथा आहे. हे मित्रांना सांगून भाव खाता येतो. आणि खाली बघायचं दुसरं कारण, फुटपाथवरच्या सायकल ट्रॅकवर चालू नका, मागून घंटी वाजते आणि सायकलवाले थांबायच्या मूडमध्ये नसतात.

साडेपाच-सहाला प्लासा दे एस्पान्या. सकाळी जाऊ नका, हा अर्धवर्तुळाकार चौक पश्चिमेकडे नदीच्या दिशेने तोंड करून आहे, त्यामुळे संध्याकाळचं ऊन विटांवर आणि टाइल्सवर थेट पडतं आणि सगळं तांबूस होतं. १९२९ च्या प्रदर्शनासाठी आनिबाल गोन्सालेस या आर्किटेक्टने हा उभारला. भिंतीलगत स्पेनच्या प्रांतांचे ४८ टाइल्सचे कोनाडे आहेत, ते एबीसीडीप्रमाणे लावलेत. आम्ही खेळ केला, प्रत्येकाने डोळे मिटून एक प्रांत निवडायचा आणि तो कोनाडा शोधून तिथल्या चित्रात काय चाललंय ते बाकीच्यांना रचून सांगायचं, तासभर कुठे गेला कळलं नाही. कालव्यात वल्ह्याच्या होड्या मिळतात, घ्या, पण एका होडीत दोन "मीच वल्हवणार" वाले नकोत. मागेच मारिया लुइसा बाग, तिथून झाडीतून चालत नदीवर या.

नदीचं नाव ग्वादालकिविर, अरबी "अल-वादी अल-कबीर" वरून, मोठी नदी. १५१९ मध्ये मॅगेलनची जहाजं इथूनच निघाली होती, १५२२ मध्ये पृथ्वीची फेरी मारून एकच जहाज परत आलं आणि त्यावर १८ माणसं. काठावरचा तोर्रे देल ओरो बुरूज बाहेरून बघितला तरी चालतो. काठाने चालत त्रियानाच्या लोखंडी पुलावर जा, १८५२ चा आहे. जून महिन्यात इथे सूर्य पावणेदहाच्या आसपास मावळतो, त्यामुळे "अंधार पडायच्या आत" हा हिशोब विसरा. डिसेंबरात मात्र सहा-सव्वासहाला संपलं.

पूल ओलांडला की त्रियाना, कुंभारांचा आणि फ्लामेन्कोवाल्यांचा (फ्लामेन्को म्हणजे इथलं गाणं-नाच) मोहल्ला. पुलाच्या तोंडाशीच मंडई आहे, तिच्या खाली सान खोर्खे किल्ल्याचे अवशेष, इन्क्विझिशनचं, म्हणजे पाखंडी ठरवलेल्यांवर खटले चालवणाऱ्या धर्मन्यायालयाचं, ठाणं हेच. टाइल्स घ्यायच्या असतील तर इथेच घ्या, घराच्या नंबराच्या छोट्या टाइल्स बॅगेत मावतात, आणि त्या मोज्यात गुंडाळून ठेवा, कपड्यांच्या मध्ये. आमची एक तरी फुटलीच.

फ्लामेन्कोचा शो आधी बुक करा, जेवण नसलेला, छोट्या जागेतला, तासाभराचा. जेवणासकटचे शो महाग आणि जेवण यथातथाच. तिथे एक गोष्ट पाळा: टाळ्या वाजवू नका मधे मधे. त्यांच्या टाळ्या, पाल्मास, हे वाद्य आहे, तालाचं गणित त्यावर चालतं, आपल्या उत्साही टाळीने त्यांचा ठेका मोडतो. आवडलं तर "ओले" म्हणायचं, इतर लोक म्हणतात तेव्हा. पुढच्या रांगेत बसलात तर नाचणाऱ्या बाईच्या बुटांची टाच फळीवर आपटते ती थेट तुमच्या पायातून वर येते, घाम उडतो तो पण दिसतो. आमच्यातला सगळ्यात बडबड्या माणूस बाहेर आल्यावर बराच वेळ गप्प होता.

मग दहाला जेवण, हो दहाला, लहान मुलं पण तेव्हाच जेवत असतात. काये बेतिस या नदीकाठच्या रस्त्यावर व्ह्यू चांगला, मागच्या गल्ल्यांत जेवण चांगलं, काय ते ठरवा. वेटर तुम्हाला "मि आर्मा" म्हणाला तर दचकू नका, म्हणजे "माझ्या जिवा", इथे भाजीवाली पण तसंच म्हणते.

परत जायला टॅक्सी, टपावर हिरवा दिवा असेल तर रिकामी. फक्त साध्या टॅक्सीत चारच जण बसवतात, "अॅडजस्ट करू" चालत नाही, आम्ही विचारून बघितलं. पाच असाल तर मोठी गाडी सांगून मागवा, नाहीतर आमच्यासारखं करा, बोतेमध्ये उरलेल्या सुट्ट्यांचं आइस्क्रीम घ्या आणि पूल चालत ओलांडा.